तक्रार पेशंटच्या शब्दांत

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की डॉक्टरांच्या आधी पेशंटशी बोलणारं माणूस चांगलं असेल तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलेलाच नाही. मी नर्स. नोकरी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात झाली, आणि निवृत्तीनंतर एका फिजिशियनच्या ओपीडीत बाहेरच्या टेबलावर बसते. निदान आणि औषध हे दाराच्या आतलं काम. त्याबद्दल मला विचारू नका, दाराच्या बाहेरचं विचारा.

मी एएनएम (नर्सिंगचा कोर्स) झाले आहे. कराडजवळ एका डॉक्टरांकडे नुकतीच लागले. पेशंट आत सोडण्याआधी त्याची तक्रार कागदावर लिहून द्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण माणसं एक तर ‘कसंतरीच होतंय’ म्हणून गप्प बसतात, नाहीतर लग्नापासूनचं सांगायला लागतात. बाहेर गर्दी असते. विचारायचं कुठून आणि थांबवायचं कुठे? (एक वाचक, कराडजवळून)

आधी त्यांना बसव. तू खुर्चीत आणि पेशंट टेबलाशी उभा असला की तो रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा आटोपतं घेतो.

मग एकच विचार, ‘काय त्रास होतोय, सांगा.’ आणि गप्प राहा. ताप आहे का, खोकला आहे का, संडास साफ होते का अशी सरबत्ती लावलीस की पेशंट नुसता हो-नाही करत राहतो, आणि ज्यासाठी तो सकाळची एसटी पकडून आला ते पोटातच राहतं. अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधकांनी डॉक्टर-पेशंटची बोलणी टेप करून तपासली. पेशंटने तोंड उघडल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. १८ सेकंदांत आपल्याकडचा माणूस ‘त्याचं काय झालं सिस्टर’ इथवरच पोचतो. पुढे स्वित्झर्लंडमधल्या एका ओपीडीत उलटं करून पाहिलं. डॉक्टरांनी मध्ये बोलायचंच नाही असं ठरवलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. हे २००२ साली छापून आलं. तेव्हा दीड मिनिट दे. लग्नापासून सांगणारी बाई असते, पण दर पेशंटमागे नसते. ती आलीच तर ‘ते मी ऐकते हं, पण आज नेमकं कशासाठी आलात?’ असं म्हटलं की रुळावर येते. रागावत नाही.

ती थांबली की ‘आणखी काही?’ म्हणायचं. उत्तर आलं की पुन्हा ‘आणखी काही?’ ‘नाही, एवढंच’ असं तिच्या तोंडून येईपर्यंत. गुडघा दाखवायला आलेला साठीचा गृहस्थ खुर्चीतून उठता उठता सांगतो, ‘मध्ये एकदा लघवीतून लाल गेलं होतं, पण ते उन्हाचं असेल.’ दुखलं नव्हतं म्हणून त्याला ते महत्त्वाचं वाटत नाही. तुझ्या कागदावर ते गुडघ्याच्या वर गेलं पाहिजे.

‘कसंतरीच होतंय’ म्हणणाऱ्याला ‘म्हणजे कसं?’ विचारून उपयोग नसतो. सांगता आलं असतं तर त्याने सांगितलं नसतं का? त्याला त्रासाचं वर्णन करता येत नाही, पण घडलं ते सांगता येतं. ‘झालं तेव्हा काय करत होता? मग काय केलंत?’ बाई सांगते, ‘भाकऱ्या करत होते, एकदम डोळ्यापुढं अंधारी आली, तव्यावरची भाकरी तशीच टाकली आन् ओट्याला धरून खाली बसले. घाम फुटला. सुनेनं साखरपाणी दिलं तशी बरी झाले.’ यात उभं राहणं आलं, घाम आला, साखरेने बरं वाटणं आलं. आता विचार, सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती का, आणि त्यावर काही खाल्लं होतं का. ती म्हणेल, ‘चतुर्थी होती ना.’ एवढं लिहून दिलंस तर डॉक्टर तुझा कागद वाचतात की नाही ही चिंता तुला राहणार नाही.

किती दिवसांपासून, याला आपल्याकडे एकच ठरलेलं उत्तर, ‘झालं की आठ-पंधरा दिस.’ आठ-पंधरा दिवस म्हणजे चार दिवसही असतात आणि चार महिनेही. तारखेच्या नादी लागू नकोस. ‘बेंदराला बैल धुतलेत तेव्हा होतं का? गणपतीत? शाळा सुरू झाल्या तेव्हा?’ अशी मागे मागे जा, माणूस नेमका थांबतो. आणि त्याआधी तो ठणठणीत होता का, तेही विचार. जुनंच दुखणं वाढलंय की नवंच सुरू झालंय, यावर आतल्या डॉक्टरांचं सगळं बोलणं फिरतं.

दुखणं हाताने दाखवायला सांग. एका बोटाने नेमकी जागा दाखवणं निराळं आणि छातीवर सबंध मूठ ठेवणं निराळं. मूठ ठेवली, कपाळावर घाम आहे, की कागद खाली ठेव आणि आत हाक मार. तो ‘गॅस झालाय, सोडा घेतला की जाईल’ म्हणत असला तरीही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत निघावा असा दंडक आहे, आणि ही दहा मिनिटं तो तुझ्या दारात आला तेव्हापासून चालू होतात. शुगरवाल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्येही पुष्कळदा छातीत दुखतच नाही. धाप लागते, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, अशा माणसाची तर तक्रार लिहीत बसूच नकोस. त्याच्या घरच्यांना फक्त एक गोष्ट विचारून ठेव, ‘शेवटचे चांगले कधी होते?’ ते म्हणतील, ‘सकाळी सहाला उठले तेव्हा वाकडं दिसलं.’ सहा लिहू नकोस. रात्री दहाला नीट जेवून झोपले असतील तर दहा लिही. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास तिथून मोजतात.

उत्तर हातात देणारे प्रश्न टाळ. ‘कळ डाव्या हातात जाते ना?’ म्हटलंस की पेशंटला वाटतं, जायला पाहिजे असणार. तो हो म्हणतो. ‘दुखणं आणखी कुठे जातं का?’ एवढंच पुरे. आणि लिहिताना त्याचेच शब्द लिही. ‘छातीवर कुणी पाय दिल्यासारखं वाटतं’ हे त्याने सांगितलं आणि तू ‘ॲसिडिटी’ लिहिलंस, तर आत कागद गेला तो तुझ्या मताचा गेला, पेशंटचा नाही. पेशंट स्वतःच ‘मला लो बीपी आहे’, ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात’ असं आजाराचं नाव घेऊन आला तर ते अवतरणात लिही आणि विचार, कुणी सांगितलं, कधी, कागद आहे का. बरेचदा ते शेजारणीने सांगितलेलं असतं.

वडील ६८ वर्षांचे. घरी रात्रभर खोकतात, जिना चढायचा सोडलाय. डॉक्टरांनी किंवा सिस्टरने विचारलं की म्हणतात, ‘बरं आहे, काही नाही. हाच उगाच घेऊन आला.’ मी बोलायला लागलो की चिडतात. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

तुम्ही मध्ये बोलू नका. म्हातारा माणूस मुलासमोर आजारी दिसायला तयार नसतो. खर्चाची भीती असते, आणि ‘आता आपल्याला ठेवून घेतील’ ही त्याहून मोठी. आदल्या रात्री एका चिठ्ठीवर पाच-सहा ओळी लिहा आणि आत जायच्या आधी बाहेरच्या सिस्टरच्या हातात द्या. खोकला कधीपासून, कफ पडतो का, त्यात रक्ताचे धागे दिसले का, संध्याकाळी कणकण येते का, सदरा सैल व्हायला लागलाय का, रात्री उशाला उशा किती लागतात. ही उशांची गोष्ट लोकांना फालतू वाटते. पूर्वी एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशा लावून अर्धा बसून झोपायला लागला तर डॉक्टर सगळ्यात आधी हृदयाकडे पाहतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायलाच हवा; सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते.

टेबलावर असे गृहस्थ आले की मी ‘दम लागतो का?’ विचारतच नाही. तो ‘नाही’ म्हणतो आणि खोटं बोलत नसतो, कारण दम लागेल असं काही करणंच त्याने सोडून दिलेलं असतं. मी विचारते, ‘काका, देवळात जाता का अजून? दूध कोण आणतं? गेल्या दिवाळीला माळ्यावरचा आकाशकंदील कुणी काढला?’ ‘मीच काढला.’ ‘आणि यंदा?’ यंदा नातवाने. झालं, कागदावर आलं.

औषधं सगळी पिशवीत भरून आणा, डबीत काढून नको, पाकिटासकट. ‘एक पांढरी बारकी गोळी सकाळची’ यावरून कुणालाही काही कळत नाही. त्या पिशवीत गुडघ्यासाठी कुणाकडून तरी आणलेल्या कागदी पुड्या, काढा, किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी हेही घाला. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी दाखवा. दात काढायचा असला तरी.

आधी सिस्टर विचारते, मग डॉक्टर पुन्हा तेच विचारतात. लिहिलेलं वाचत नाहीत का?

वाचतात. माझ्याकडे ‘तीन दिवसांपासून पोटात दुखतंय’ म्हणालेला पेशंट आत जाऊन ‘महिना झाला’ म्हणतो. दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. मध्ये दहा मिनिटं बाकावर बसून त्याला आठवलेलं असतं. तेव्हा वैतागू नका, दुसऱ्यांदाही नीट सांगा.

मी आशा कार्यकर्ती आहे, नंदुरबार जिल्ह्यात. गरोदर बाईला काही विचारलं की उत्तर सासू देते. पाळीची तारीखसुद्धा सासूच सांगते. बाई खाली बघून बसते. तिच्याशी एकटीशी कसं बोलू?

सासूला बाहेर काढू नका. तुमची उद्याची भेट तिच्याच ओट्यावर होणार आहे. तिला काम द्या, नाहीतर बाईला काम द्या. वजनाला घेऊन जा, लघवीचा नमुना आणायला स्वतः सोबत जा. मोरीपर्यंतच्या त्या वाटेवर जे बोलणं होतं ते घरात बसून होत नाही. तिच्या बोलीत बोला. पावरी, भिली तुम्हाला येते आणि तालुक्याच्या डॉक्टरला येत नाही, म्हणून तर तुम्ही आहात.

पाळीची तारीख तिला आकड्यात सांगता येणार नाही. बाजाराचा वार, अमावास्या, गावातलं लग्न यावरून काढा, आणि पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरा. पुष्कळ जणी संपल्याचा दिवस सांगतात आणि तारीख चार-पाच दिवसांनी सरकते. अंगावरून पांढरं जातं का हे विचारताना वास, रंग, खाज हेही विचारा, कारण थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं आणि बाई त्यालाही घाबरलेली असते. तुमच्या भागात सिकलसेलचं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, विचारल्याशिवाय राहू नका. ‘सिकल आहे का?’ असं नाही. ‘घरात कुणाला सारखे सांधे दुखतात, सारखं रक्त चढवावं लागतं असं आहे का? बहिणींचं, भावांचं?’ तपासणी झाली असेल तर कार्ड मागा, आणि नवऱ्याचंही मागा.

तंबाखूचं एक. ‘तंबाखू खाता का?’ याला बायका सरळ ‘नाही’ म्हणतात. ‘दात कशाने घासता?’ विचारा. मिश्री निघते. मिश्रीला तंबाखू म्हणायचं असतं हे बऱ्याच जणींच्या गावीही नसतं, आणि दिवसातून चारदा घासायची सवय असते.

अंगावर वळ दिसले, भाजल्याच्या खुणा दिसल्या तर ‘कोण मारतं?’ असा थेट सुरुवातीला प्रश्न नको. ‘घरी सगळं बरं आहे ना? भीती वाटते का कुणाची?’ इथपासून सुरू करा. आणि तिने जे सांगितलं ते माता-बाल कार्डावर कधीच लिहू नका. ते कार्ड घरी जातं आणि घरात कुणीही वाचतं. ते तुमच्या सिस्टरच्या किंवा डॉक्टरच्या कानावर तोंडी घाला.

एका दवाखान्यात ऑपरेशनआधी काउंटरवरच्या मुलीने वीस माणसांदेखत मोठ्याने विचारलं, ‘दारू घेता का? रोज किती?’ मी ‘घेत नाही’ म्हणालो. हे विचारायची गरजच काय? (एक वाचक, पुणे)

विचारायची गरज आहे, काउंटरवर विचारायची नाही. तिने चूक केली, आणि तुम्ही दिलेल्या उत्तराने त्या चुकीचा भुर्दंड तुमच्यावरच पडेल. रोज घेणारा माणूस दवाखान्यात भरती झाला की त्याची दारू एकाएकी बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, काही जण भिंतीवर किडे दिसतात म्हणून सलाइन उपसून पळायला लागतात, आकडी येऊ शकते. आधी माहीत असेल तर डॉक्टर औषध सुरू करून ठेवतात. माहीत नसेल तर मध्यरात्री वॉर्डातल्या एकट्या सिस्टरला कळत नाही की हे ऑपरेशनचं आहे, तापाचं आहे की बाटलीचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आकडा लागतो.

ऑपरेशनच्या आधी फोन करून त्या डॉक्टरांना खरं सांगा. लाज वाटत असेल तर ‘माझ्या कागदात एक दुरुस्ती करायची आहे’ एवढ्यावर सुरू करा, पुढचं ते विचारतील.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगते. आवाज खाली, आणि प्रश्न वरच्या आकड्यापासून. ‘रोज क्वार्टर पुरते का दोन लागतात?’ म्हटलं की गृहस्थ दुखावून म्हणतो, ‘छे हो सिस्टर, एकच. तीही रात्रीची.’ ‘घेता का?’ विचारलं असतं तर तोच माणूस ‘कधीतरी लग्नात’ म्हणाला असता. विडीचंही तसंच. किती विड्या म्हणू नका, बंडल किती दिवस जातं ते विचारा.

मी एमबीबीएस करून कोकणात इंटर्नशिप करतोय. सीनियर म्हणतात, एवढं काय बोलत बसतोस, रक्त काढ, सोनोग्राफी लिही. हल्ली विचारपूस करणं जुनं झालंय का?

सीनियरांना घाई असते, त्यांचं तेवढं सोडून द्या. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. ओपीडीत आलेल्या ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान नुसती पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकून झालं होतं, आणि शेवटपर्यंत तेच टिकलं. तपासून ७ जणांचं बदललं, लॅबच्या रिपोर्टने आणखी ७. तेव्हा सोनोग्राफी अशी गल्लोगल्ली नव्हती, हे मान्य. पण सोनोग्राफी कुठली करायची हेसुद्धा कुणीतरी विचारल्यावरच ठरतं.

तुम्ही कोकणात आहात म्हणून एक सांगते. पावसाळ्यात पहाटे चार-पाचला एखादा पोरगा पोटात दुखतंय, मळमळतंय म्हणून येतो. ताप नाही, जुलाब नाहीत, पोट मऊ. सोनोग्राफीत काही दिसणार नाही. त्याला विचारा, ‘रात्री कुठे झोपला होतास?’ ‘खाली, चटईवर.’ मग पापण्या बघा. वर बघ म्हटलं तरी उचलत नसतील, गिळायला त्रास होत असेल, तर मण्यार डोक्यात आली पाहिजे. मण्यारीचा दंश झोपेत होतो, दुखत नाही, खूण सापडेलच असं नाही, सूजही नसते. साप पाहिलेला नसतो म्हणून पेशंट सापाचं नाव काढत नाही, आणि काही तासांत श्वास थांबायला लागतो. तिथे बोलत बसायला वेळ नाही, पण हा एक प्रश्न विचारायला आहे.

भातलावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्या ठणकतात म्हणणाऱ्याला शेतातल्या पाण्यात किती दिवस उभे होता, पायाला चिरा आहेत का, विचारा. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथे सापडतो. फवारणीच्या दिवसांत घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन आलेल्याला काय फवारलं ते विचारा आणि डबा आणायला माणूस पाठवा. तुमच्याच बाजूला महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार बसवला, तो आधी पेशंटच्या उशाशी बसून कुणाला उलट्या, कुणाला घाम, कुणाचे हातपाय गार, हे तासातासाने टिपून. त्यांच्याकडे तेव्हा कुठे मोठी लॅब होती?

तक्रार लिहायचा छापील फॉर्म कुठला वापरावा? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

कुठलाही चालेल, फक्त चौकोनांत टिकमार्क करायचा नको. मी साध्या अर्ध्या कागदावर लिहिते. वरच्या तीन ओळी पेशंटच्या शब्दांसाठी, तिथे मी माझं काही घालत नाही. खाली कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आधीचे आजार, चालू औषधं. बाईचं असेल तर पाळीची तारीख, वय पंधरा असो की पंचेचाळीस. सगळ्यात खाली, चौकट करून, कुठल्या औषधाची ॲलर्जी. त्यासाठी ‘ॲलर्जी आहे का?’ विचारू नका. ‘कुठली गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, चक्कर येऊन पडलात, असं कधी झालं का?’ असं विचारा, आणि झालं असेल तर औषधाचं नाव आठवेपर्यंत पेशंटला आत सोडू नका. नावच आठवत नसेल तर कुठल्या दवाखान्यात झालं ते लिहा. तिथे फोन करता येतो.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तुमच्या आजाराचे रिपोर्ट पाठवू नका. ते मला वाचता येत नाहीत, आणि येत असते तरी तुमच्या डॉक्टरांचंच ऐका म्हटलं असतं.